ब्रह्मपुरीच्या पोटातील रोम

पारगड, गंधर्वगड आणि महिपाळगड ही नावे आपल्या चंदगड तालुक्यातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. या तिन्ही गडांवर आजही गावे नांदतात. गडावरच चूल पेटते, गडावरच गुरे बांधली जातात आणि पावसाळ्यात गडावरचे लोक चार-चार दिवस खाली उतरत नाहीत. पारगडाची किल्लेदारी शिवछत्रपतींनी तानाजी मालुसरे यांचे पुत्र रायबा यांच्याकडे सोपवली, ही परंपरेने चालत आलेली हकीकत आम्ही चौथीच्या सहलीत त्या गडावरच बसून ऐकली होती. पायऱ्या, तटबंदी आणि भवानीचे देऊळ पाहून आम्ही घरी आलो. इतिहास म्हणजे गडावरचे दगड, आणि तो साडेतीनशे वर्षांपूर्वी सुरू होतो, अशी माझी समजूत तेव्हा झाली. खरे सांगायचे तर महाविद्यालयात येईपर्यंत ती तशीच राहिली.

गेल्या वर्षी इतिहासाच्या तासाला सरांनी एक साधा प्रश्न विचारला. "पारगड कशासाठी बांधला?" आम्ही उत्तर दिले, "गोव्याकडून येणाऱ्या घाटवाटांवर नजर ठेवण्यासाठी." सर म्हणाले, "म्हणजे वाट आधी आणि गड नंतर. मग गडाच्या आधी त्या वाटेने कोण येत-जात होते?" वर्गात कोणीच बोलले नाही. सरांनीही उत्तर सांगितले नाही. पुढच्या महिन्यात आमची अभ्याससहल कोल्हापूरला निघाली, आणि त्या प्रश्नाचे अर्धेमुर्धे उत्तर मला एका लहानशा टेकडीवर आणि एका काचेच्या कपाटात मिळाले. तेच या लेखात मांडण्याचा प्रयत्न करीत आहे.

एस. टी. पहाटे निघाली. गडहिंग्लज, संकेश्वर, निपाणी करीत आपण आपल्याच जिल्ह्याच्या गावी जातो, पण मधला मोठा टप्पा कर्नाटकातून काढावा लागतो. आपला चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेच्या वेळी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तेवढा बाजूला काढून कोल्हापूरला जोडला गेला. माझे आजोबा कोर्टाच्या कामाला शेवटपर्यंत 'बेळगावला जाणे' असेच म्हणत. सीमा माणसे आखतात आणि बदलतात. वाटा मात्र बदलायला फार वेळ लागतो, हे मला त्या प्रवासात पहिल्यांदा जाणवले.

टेकडी कशी वाढते

ब्रह्मपुरी कोल्हापूरच्या पश्चिम अंगाला, पंचगंगेच्या काठी, शिवाजी पुलाच्या जवळ आहे. तिला टेकडी म्हणतात खरे, पण सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या आम्हां मुलींना ती पाहून हसूच आले. आमच्या गावची गुरे याहून मोठ्या चढावर चरायला जातात. आज तिच्या अंगाखांद्यावर घरे आहेत, दोऱ्यांवर कपडे वाळत आहेत, आणि सांगितल्याशिवाय कोणाला तेथे थांबावेसेही वाटणार नाही. सर म्हणाले, "हसू नका. ही टेकडी उंच करण्यात माणसांचाही हात आहे."

माणसे टेकडी कशी वाढवतात? यासाठी आपल्याच घराचे उदाहरण घेऊ. मातीचे घर पडले की त्याची माती आपण दूर नेऊन टाकत नाही. तीच पसरतो, धुम्मसाने ठोकतो आणि तिच्यावर नवे घर उभे करतो. आमच्या आजीच्या लहानपणी आमच्या उंबऱ्याला दोन पायऱ्या होत्या, आज एकच आहे. घर खचले नाही, अंगण वर आले. चुलीची राख, फुटकी मडकी, हाडे, शेणाचे सारवण हे सगळे तेथेच साठत जाते. एका माणसाच्या आयुष्यात एक पायरी बुजत असेल, तर दीड-दोन हजार वर्षांत काय होईल? जुने ते खाली आणि नवे ते वर, असे थरावर थर चढत जातात. उत्खनन करणारा माणूस वरून खाली जातो, म्हणजे तो काळात मागे मागे जातो. पुस्तक आपण पहिल्या पानापासून वाचतो, टेकडी मात्र शेवटच्या पानापासून वाचावी लागते.

मध्येच कोणी आड खणला किंवा पाया काढला तर खालचे वर आणि वरचे खाली होते. म्हणून उत्खनन कुदळीने घाईघाईत करून चालत नाही. चौकोनी खड्डे आखून, मातीचा रंग आणि पोत पाहत, एकेक थर वेगळा काढावा लागतो, आणि प्रत्येक वस्तू कोणत्या थरात मिळाली हे जागच्या जागी लिहून ठेवावे लागते. ही नोंद वस्तूइतकीच मोलाची असते. याचा अनुभव मला पुढे स्वतःला आला, तो शेवटी सांगेन.

ब्रह्मपुरीकडे विद्वानांचे लक्ष वेधणाऱ्यांत राजाराम महाविद्यालयातील प्रा. के. जी. कुंदणगार यांचे नाव पहिले घ्यावे लागते. ते कन्नडचे प्राध्यापक होते. कोल्हापूर संस्थानातील आणि उत्तर कर्नाटकातील शिलालेखांचा त्यांचा ग्रंथ १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. मराठी संस्थानात राहून कन्नड शिकवणाऱ्या या प्राध्यापकाने गावोगावचे दगड वाचले आणि मग आपल्या शहराच्या कडेची ही टेकडी खणायला घेतली. १९४४-४५ च्या सुमारास तेथे कांशाच्या वस्तूंचा मोठा साठा हाती लागला. पुढे १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातर्फे डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तेथे शास्त्रीय पद्धतीने उत्खनन केले. त्याचा अहवाल १९५२ मध्ये छापला गेला. आपल्याच विद्यापीठाच्या परिसरात इतके मोठे काम होऊन गेले आणि आम्हांला त्याचा पत्ता नव्हता, याची मला थोडी लाजच वाटली.

वरचे गाव आणि खालचे गाव

या टेकडीत सगळ्यांत वर मध्ययुगातील गाव आहे. बहामनी सत्ता दख्खनमध्ये १३४७ मध्ये स्थापन झाली. त्या काळात येथे माणसे राहत होती. त्याखाली शिलाहारांच्या काळाच्या खुणा आहेत. कोल्हापूरचे शिलाहार घराणे १२१२ च्या सुमारास यादव राजा सिंघण याने मोडून काढले. ब्रह्मपुरी हे नाव मध्ययुगातलेच आहे. राजाने दान देऊन वसवलेल्या विद्वान ब्राह्मणांच्या वस्तीला त्या काळी ब्रह्मपुरी म्हणत. आणि सगळ्यांत तळाशी सातवाहनांच्या काळातील नगर आहे. भाजक्या विटांच्या भिंती, शिशाची नाणी, तऱ्हतऱ्हेची मातीची भांडी असा त्या नगराचा संसार होता. पंचगंगेला पूर आला की कोल्हापूरची काय दशा होते, हे आपण २०१९ आणि २०२१ मध्ये पाहिले. पाण्याजवळ पण पुराच्या वर अशी जागा दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी नेमकी हेरली होती, आणि त्यांच्यानंतर आलेल्यांनीही तीच धरली.

मध्ययुगीन थरात उत्खनकांना रंगीबेरंगी काचेच्या बांगड्यांचे पुष्कळ तुकडे मिळाले. एकाच बांगडीत दोन-तीन रंगांच्या काचा जोडून केलेल्या त्या बांगड्या बहामनी काळातील आहेत, असे ठरले. डॉ. दीक्षित पुढे भारतीय काचेच्या इतिहासाचे मोठे जाणकार झाले. सर हे सांगत होते तेव्हा मी मनाने आमच्या गावात पोहोचले होते. कारण असे काचेचे तुकडे मी लहानपणापासून पाहत आले होते.

आमच्या शेताला लागून एक उंचवटा आहे. त्याला सगळे 'जुने गावठाण' म्हणतात. कोणत्या तरी साथीत गाव उठून खाली आले, एवढेच म्हातारी माणसे सांगतात. तेथली माती राखाडी आणि भुसभुशीत आहे. भाताच्या तरव्याला ती चांगली, म्हणून दरवर्षी मे महिन्यात आमच्या आणि शेजारच्या गाड्या तेथून माती नेतात. अलीकडे गाडीच्या जागी ट्रॅक्टर आला आहे. त्या मातीत खापऱ्या निघतात, कधी काळपट विटेचा तुकडा निघतो आणि कधी काकणाचा तुकडा. मी एकदा निळा-पिवळा तुकडा उचलून घरी आणला, तेव्हा आजी रागावली. "फुटकी काकणं घरात आणू नयेत," म्हणून तिने तो दारातूनच फेकायला लावला. ब्रह्मपुरीवर उभी असताना मला तो तुकडा आठवला.

काचेच्या कपाटातला देव

दुपारी आम्ही टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात गेलो. ही गॉथिक धाटणीची दगडी इमारत १८७२ ते १८७६ या काळात बांधली गेली. ब्रह्मपुरीच्या वस्तू ठेवायला जागा हवी, या निकडीतूनच कोल्हापूरचे वस्तुसंग्रहालय १९४६ मध्ये सुरू झाले आणि १९४९ मध्ये ते या इमारतीत आले. म्हणजे एका टेकडीने एका शहराला संग्रहालय दिले, असे म्हणायला हरकत नाही.

तेथे कांशाची एक मूर्ती आहे. ती वीतभरही उंच नाही. दाढी राखलेला, पिळदार शरीराचा, विवस्त्र पुरुष उभा आहे आणि त्याचा एक हात वर उचललेला आहे. त्या हातात पूर्वी त्रिशूळ असावा, असे अभ्यासक मानतात. आमच्यातील एकीने त्रिशूळ हा शब्द ऐकताच हात जोडले. तिला वाटले हा आपला रवळनाथ किंवा महादेवच. ती मूर्ती पोसायडनची आहे. पोसायडन हा ग्रीकांचा समुद्रदेव, ज्याला रोमन लोक नेपच्यून म्हणत. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील लिसिपोस या ग्रीक शिल्पकाराच्या धाटणीशी या मूर्तीचे नाते अनेकांनी जोडले आहे. ही लहान मूर्ती मात्र इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातली, म्हणजे रोमन साम्राज्याच्या भरभराटीच्या काळातली समजली जाते.

त्याच साठ्यात हत्ती आणि त्यावर बसलेली माणसे असे एक सुंदर कांस्यशिल्प आहे. ते उघडच आपल्याकडचे आहे. आरसा आहे, सुरया आणि भांडी आहेत. पर्सियस आणि अँड्रोमेडा या ग्रीक कथेतील जोडीचे चित्र उठावात कोरलेली एक गोल चकतीही आहे. १९६० मध्ये कार्ल खंडालावाला यांनी आणि पुढे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात रिचर्ड डी पुमा यांनी या वस्तूंची पुन्हा बारकाईने छाननी केली. त्यातून एवढे स्पष्ट झाले की साठ्यातील काही मोजक्या वस्तू भूमध्य समुद्राकडून आलेल्या आहेत आणि बऱ्याच वस्तू आपल्याच कारागिरांच्या हातच्या आहेत. हा कोणा धनिकाचा संग्रह होता, व्यापाऱ्याचा माल होता की मोडीसाठी जमवलेली भांडी होती, याविषयी विद्वानांत एकमत नाही. पण ग्रीक देव आणि मराठी मुलखातला हत्ती एकाच ठिकाणी शेजारी शेजारी मिळाले, ही गोष्ट पक्की आहे.

यावरून कोल्हापुरात रोमन लोक राहत होते असे म्हणता येईल का? मी हा प्रश्न सरांना विचारला. सरांनी उलट विचारले, "तुझ्या घरात परदेशी वस्तू काय आहे?" गोव्यात नोकरीला असलेल्या मामांनी आणलेले जपानी घड्याळ आमच्या घरात आहे. "उद्या तुझे घर खणणाऱ्याने तेथे जपानी कुटुंब राहत होते असे लिहिले तर?" सर हसत म्हणाले. वस्तू प्रवास करते, याचा अर्थ तिच्याबरोबर माणूस शेवटपर्यंत आलाच असे नाही. पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडू येथे मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४५ मध्येच उत्खनन केले आणि ते रोमनांचे व्यापारी ठाणे असल्याचे मांडले. पुढच्या अभ्यासकांनी ते मत बरेच सौम्य केले, कारण ते गाव मुळात तेथल्याच लोकांचे होते आणि रोमन माल तेथे येत होता. तसेच भारतात मिळालेल्या ज्या जाड खापऱ्यांना पूर्वी सरसकट रोमन मद्यकुंभांचे तुकडे म्हटले जाई, त्यातील पुष्कळशा इराणच्या आखाताकडील आणि इराकमधील कुंभांच्या आहेत, असे अलीकडच्या तपासणीत दिसून आले आहे. शास्त्र आपली चूक आपणच दुरुस्त करते, हे मला यात विशेष वाटले.

वारा, जहाज आणि घाट

मग हा देव आला कसा? इजिप्त रोमच्या ताब्यात आल्यावर तांबड्या समुद्रावरील बेरेनिके आणि मायोस होर्मोस या बंदरांतून भारताकडे जहाजे निघू लागली. मायोस होर्मोसहून वर्षाला एकशेवीस जहाजे जातात, असे स्ट्रॅबो या भूगोलवेत्त्याने लिहून ठेवले आहे. आपल्या शेतावर पाऊस आणणारा नैर्ऋत्य मोसमी वाराच त्या जहाजांची शिडे फुगवीत असे. जुलैच्या सुमारास तिकडून निघायचे, पावसाळा सरता सरता इकडे पोहोचायचे आणि हिवाळ्यात वारा फिरला की परतायचे. ज्या वाऱ्याकडे आमचे वडील मृगाच्या आधी डोळे लावून बसतात, त्याच वाऱ्याकडे दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तच्या किनाऱ्यावरचे तांडेलही डोळे लावून बसत असतील.

पहिल्या शतकात कोणा अनामिक ग्रीक भाषक व्यापाऱ्याने या प्रवासाची माहिती लिहिली. 'पेरिप्लस' या नावाने ती ओळखली जाते. तीत भडोच आणि कल्याण ही बंदरे आहेत, पैठण आणि तेर, म्हणजे त्या काळचे तगर, ही घाटमाथ्यावरची नगरे आहेत. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठणहून तगर पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, असे अंतरही दिले आहे. कल्याणच्या दक्षिणेला कोकणातील बंदरांची नावे ग्रीक वळणात येतात. ती आजची कोणती, यावर अजून वाद चालू आहेत. आपल्याकडे सोने-चांदीची नाणी, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच आणि मद्य येत असे. आपल्याकडून मिरे, तलम सुती कापड, हस्तिदंत आणि मौल्यवान खडे जात. भारत दरवर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो, अशी तक्रार प्लिनी या रोमन लेखकाने केली आहे.

ही देवघेव एकतर्फी नव्हती. इटलीतील पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. १९३८ मध्ये तेथील एका घरात हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. तशाच घडणीच्या मूर्ती आपल्या तेर आणि भोकरदन येथे मिळाल्या आहेत. बेरेनिकेच्या उत्खननात एका भारतीय रांजणात साडेसात किलो काळे मिरे निघाले, आणि तेथेच मिळालेली बुद्धमूर्ती २०२३ मध्ये जगापुढे आली. म्हणजे कोल्हापूरच्या टेकडीत ग्रीकांचा देव आणि इजिप्तच्या वाळूत आपला बुद्ध. कार्ल्याच्या लेण्यात तर यवनांनी दिलेल्या खांबांवर त्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आजही वाचता येतात.

आता सरांच्या मूळ प्रश्नाकडे येते. कोकणच्या बंदरात उतरलेला माल कोल्हापूरला पोहोचायचा तर त्याला सह्याद्री चढावाच लागतो. पोसायडन नेमका कोणत्या घाटाने वर आला, हे ती मूर्ती सांगत नाही. पण घाटाशिवाय दुसरा मार्ग नाही, एवढे आपण, घाटावरची माणसे, कोणी न सांगताही जाणतो. आपला आंबोली, तिलारी आणि रामघाटाचा मुलूख हा असाच उंबरठा आहे. आपल्या तालुक्याचे पीक म्हणून आज ज्याचे नाव घेतले जाते तो काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगीजांबरोबर तो गोव्यात उतरला आणि तेथून कोकणात व घाटावर पसरला. त्याचे नावही त्यांच्याच भाषेतून आले. आमच्या परसातल्या काजूने जे केले, तेच त्याच्या कितीतरी आधी त्या कांशाच्या देवाने केले. आपल्या तालुक्याला बाहेरचे लोक 'एका कोपऱ्यातला तालुका' म्हणतात आणि आपणही तसे मानून बसतो. नकाशावर कोपरा दिसतो खरा, पण वाटांच्या हिशेबात पाहिले तर हे दार आहे.

गेलेला थर

सहलीहून परत आल्यावर मी जुन्या गावठाणावर गेले. मातीच्या ढिगातून तीन खापऱ्या आणि एक काकणाचा तुकडा वेचला, आजीला न दाखवता वहीच्या कागदात बांधला आणि सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. मला मनातून वाटत होते की सर आता 'सातवाहन' म्हणतील. सरांनी तुकडा उजेडात धरून पाहिला. म्हणाले, "काच जुनी असेल किंवा तुझ्या पणजीच्या हातातलीही असेल. ती कोणत्या थरातून आली, कशाच्या शेजारी होती, हे कळले असते तर काही सांगता आले असते. तू ती ट्रॅक्टरने उकरलेल्या ढिगातून उचललीस. थर गेला, आता उरली नुसती काच."

हे शब्द मला फार लागले. ब्रह्मपुरीच्या बांगडीचा काळ ठरला, कारण ती तिच्या जागी असताना कोणीतरी पाहिली. आमच्या गावठाणावरच्या बायकांनीही बांगड्या भरल्या असतील, पाणी भरले असेल, मुले वाढवली असतील. त्यांचे नाव कोणत्याही बखरीत नाही आणि ताम्रपटातही नाही. त्यांच्याविषयी काही सांगू शकेल अशी एकच गोष्ट होती, ती माती. ती आम्ही दरवर्षी तरव्यात पसरून टाकली. यात कोणाला दोष द्यावा? माझ्या वडिलांनी चार एकरांवर आम्हां तिघा भावंडांना शिकवले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. त्या मातीने चांगली वाढलेली रोपेच माझी फी भरत आली आहेत. हे विसरून वडिलांना उपदेश करण्याचा अधिकार मला नाही.

तरीही मी त्यांच्याशी बोलले. आमच्याकडे एक भीती घर करून आहे. जमिनीत काही सापडले हे सरकारला कळले तर जमीनच जाईल, म्हणून सापडलेले लपवायचे किंवा मोडून टाकायचे. प्रत्यक्षात १८७८ चा निखात निधीविषयीचा कायदा असे सांगतो की जमिनीत मौल्यवान ठेवा सापडला तर त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी. मालक न निघाल्यास त्यात सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा वाटा आहे, आणि सरकारने तो घेतला तर त्याची किंमत द्यावी लागते. लपवणे हा मात्र गुन्हा आहे. खापरी आणि बांगडी यांना बाजारात किंमत नाही, म्हणून त्यांची भीतीही नाही आणि कदरही नाही. वडिलांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग तरव्याला माती कुठली आणायची?" याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. पण यंदाच्या मे महिन्यात त्यांनी बांधाकडचा एक कोपरा सोडून माती नेली. शेजाऱ्यांनी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "पोरीला अभ्यासाला पाहिजे." आजीही आता काकणांबद्दल बोलत नाही, फक्त ती देव्हाऱ्याजवळ ठेवायची नाहीत असे तिने बजावले आहे.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आपण शे-दीडशे गावांतून या महाविद्यालयात येतो. आपल्यापैकी अनेकांच्या गावाला जुने गावठाण आहे, ओसाड पडलेली वाडी आहे, देवराईत अर्धा पुरलेला वीरगळ आहे. खणायला आपण जाऊ नये, ते आपले काम नाही. पण जागा कोठे आहे, तिला लोक काय म्हणतात, तेथे जमिनीवर काय दिसते आणि म्हातारी माणसे तिच्याविषयी काय सांगतात, एवढे आपण प्रत्येकाने एका कागदावर लिहून इतिहास विभागात दिले, तर दोन-तीन वर्षांत आपल्या भागाची एक चांगली नोंदवही तयार होईल. शिक्षकवर्गाने हे मनावर घ्यावे, अशी नम्र विनंती आहे. कोल्हापूरला एका भाषेच्या प्राध्यापकाच्या आवडीतून संग्रहालयापर्यंत गोष्ट गेली, हे आपण वर पाहिलेच.

मी माझा कागद लिहून दिला आहे. बांधाकडच्या त्या कोपऱ्यात खाली काही असेल किंवा नुसती मातीही असेल. ते पाहायला जाणते माणूस येईपर्यंत तो कोपरा तसाच राहावा, एवढीच माझी खटपट आहे.

(बी. ए. भाग २)